महिपतसाठी सहा दिवस गप्प राहायचं होतं

मुंबई मंडळाच्या कमिटीनं यंदाच्या स्मरणिकेत महिपतवर दोन पानं मागितली हायत. वर 'हुतात्मा महिपत' असं घालायचं, शौर्यकथा लिहायची, असं पण सांगितलं. लिहिणार कोण? मी, कुशाबा. महिपतचा थोरला भाऊ आणि चौदा वर्षं या वाडीच्या गावकीचा अध्यक्ष. शिक्षण सातवी, पण आमच्या वेळची सातवी. आताच्या बारावीवाल्याला माझ्यासारखा अर्ज लिहिता येत नाय. वाडीचा डांबरी रस्ता माझ्या अर्जावर झालाय, कुणालाही विचारा. तेव्हा कमिटीला सांगणं एकच. मी लिहीन तसं छापा. मधलं काय काढू नका.

शौर्यकथा नाय ही. महिपतनं जन्मात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. सहा दिवस कुणाला काय बोलू नको. सहाव्या दिवशी तो घरी यायचा होता. जिवंत यायचा का नाय, ते माझ्या तोंडावर होतं.

आधी माणूस सांगतो, म्हंजे गेलं काय ते कळेल.

महिपत माझ्याहून अकरा वर्षांनी धाकटा. बोलायला कमी, खांद्याला भारी. तेव्हा वाडीला रस्ता नव्हता. कोण आजारी पडलं, कुठली बाई अडली, की डोली करायची. बांबूला चादर बांधून चौघांनी खाली पोलादपूरला उतरायचं, दोन तास. पुढच्या बाजूला महिपत पाहिजेच. पुढचा सरकला तर डोली दरीत, आणि महिपतचा पाय कधी सरकला नाय. आमची आई येसूबाई शेवटची उतरली ती त्याच्याच खांद्यावर. सगळी वाट तो तिला सांगत होता, "आये, आता वळण हाय. आये, आता दगड हायत, जरा हादरंल." मी मागनं ओरडलो, "अरे, गप चाल की." तर बोलला, "दादा, झोपलेल्या माणसाला पुढचं दिसत नाय. त्याला सांगत न्यावं लागतं."

त्याच गुणावर मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तो वॉर्डबॉय झाला. चिकटवला मी, माझी वळख होती. तिथं एक म्हातारे शेख आले, खुब्याचं हाड मोडून. साधे शेख नव्हेत, तिकडच्या राजाचे सख्खे चुलते. देशाचं नाव लिहीत नाय, कारण सरकारकडं अर्ज गेलाय आणि बुद्धरत्ननं नको सांगितलंय. बुद्धरत्न कोण ते पुढं येईल. तर हे थोरले शेख नर्सच्या अंगावर ताटं फेकायचे. कुणाला हात लावू देत नव्हते. महिपत गेला आणि आपल्या मोडक्या हिंदीत सुरू झाला, "साहब, अभी उठाता, अभी इधर घुमाता, थोडा दुखेगा." म्हातारा गप. हॉस्पिटलातनं निघताना बोलले, हा माणूस माझ्याबरोबर पाहिजे. आमच्या पोलादपुरातला माणूस राजवाड्यात गेला तो असा. अकरा वर्षं राहिला, बायको सारिका आणि पोरगी सेजल इथं वाडीत. थोरल्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, औषध द्यायचं, खुर्चीवर बसवून बागेत फिरवायचं, पुढं पुढं श्वासाचं मशीन लागलं तर ते पण सांभाळायचं.

मला त्याचा अभिमान होता आणि हाय. पण आपल्या लोकांचं तोंड कसं असतं. आमच्या भावकीतला रामजी, माझ्या वयाचाच. मी पाशिंजर न्यायला मिनिडोर, सहा सीटची रिक्षा, घेतली तेव्हापासून त्याच्या पोटात दुखतं. नाक्यावर चहाला चार माणसं जमली की हा मोठ्यानं विचारायचा, "काय कुशाबा, भाऊ राजवाड्यात म्हंजे नक्की कुठं? संडासातच ना?" माणसं हसायची. मी पण हसायचो. घरी जाऊन जेवण जायचं नाय.

मग तिकडं लढाई लागली. शेजारच्या देशाचे ड्रोन यायला लागले, विमानतळ बंद, सगळं आपण टीव्हीवर बघितलंय. महिपत फोनवर बोलायचा, "आवाज होतात, पण आपल्या शिमग्यापेक्षा कमी." मस्करी करायचा. पण पुढं पुढं त्याचा आवाज बारीक व्हायला लागला. एकदा बोलला, "दादा, मला इथं दुसरं काम दिलंय."

"बढती?"

"कसली बढती. राजाच्या सुरक्षेचा एक साहेब हाय. त्यानं माझा पासपोर्ट काढून घेतला. रोज सांजचं त्याला सांगायचं, थोरल्यांकडं कोण आला, काय बोलले, कुणाला फोन केला."

थोरल्या शेखांना लढाई नको होती. पलीकडच्या देशात त्यांचे जुने सोयरे होते. त्यांच्याशी गुपचूप बोलून ते लढाई मिटवायला बघत होते. राजाच्या माणसांना ती फितुरी वाटत होती. आणि त्यांच्यावर नजर ठेवायला निवडला कोण, तर त्यांना न्हाऊ घालणारा आमचा महिपत.

"मग तू काय केलंस रे?"

"थोरल्यांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांना काय न सांगता मी कधी कूस पण वळवली नाय. ते हसले. आता आम्ही दोघं बसून रोजची बातमी तयार करतो. आज दोन खजूर खाल्ले. आज पोट साफ झालं नाय. साहेब लिहून घेतो."

त्या दिवशी मी इतका हसलो की मिनिडोर बाजूला घ्यावी लागली. राजाच्या हेराला बनवणारा माझा भाऊ! आणि हे मला नाक्यावर सांगता येत नव्हतं.

त्यानंतर वीस-बावीस दिवसांनी, मंगळवारी दुपारी, मी पोलादपूरच्या स्टँडवर पाशिंजराची वाट बघत होतो. फोन आला.

"दादा, एकटा हायस?"

"हाय. बोल."

"थोरले गेले."

"अरेरे. वय झालेलं रे त्यांचं."

"वयानं नाय गेले. घालवले." मग सगळं एका दमात सांगितलं. "सकाळी मला फाटकावर पाठवला, औषधाचं पार्सल आलंय म्हणून. अकरा वर्षांत मला कधी फाटकावर धाडला नाय. पार्सल नव्हतंच. परत आलो तर श्वासाचं मशीन बंद, नळी काढलेली, आणि वायर नीट गुंडाळून ठेवलेली. दादा, ती वायर आम्ही कधीच गुंडाळत नाय. मशीन चोवीस तास चालू असतं."

"मग?"

"मग रडलो. रडू खरंच आलं. पण वायर दिसलीच नाय असं दाखवलं. डॉक्टरनं लिहिलं हृदय बंद पडलं, मी मान हलवली. आता माझं इथं काम संपलं, पासपोर्ट परत दिलाय. विमानं रविवारपर्यंत बंद हायत. सोमवारचं पहिलं तिकीट मिळालंय."

"तवर?"

"तवर मी येडा आणि तू मुका. सारिकाला पण नको सांगू, घाबरंल ती. तुला सांगितलं कारण मला काय झालंच तर एका तरी माणसाला खरं ठाव पाहिजे. सहा दिवस, दादा. तुझ्या पाया पडतो."

"अरे, मी कोण हाय? गावकीचा अध्यक्ष. माझ्या पोटात काय काय पडून हाय."

"म्हणून तर तुला सांगितलं," बोलला आणि ठेवला.

मंगळवार गेला. बुधवार गेला. गुरुवारी पण मी गप्प होतो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण तीन दिवस मी राहिलो. जड गेलं, पण राहिलो.

शुक्रवारी सांजचं देवळासमोर गावकी बसली, पालखीच्या दांड्याचा विषय होता. शेख गेल्याची बातमी तवर टीव्हीवर आलेली. दांड्याचं पुढच्या बैठकीवर ढकललं, माणसं उठायला लागली, तेवढ्यात रामजी बोलला, "कुशाबा, म्हातारा खपला म्हंजे भावाची नोकरी गेली. आता कुणाचं ढुंगण धुणार तो?"

सत्तर-ऐंशी माणसं हसली. बायका पण हसल्या. माझ्यासमोर, मी अध्यक्षाच्या जागेवर बसलेलो असताना.

आणि मी बोललो. उभा राहून बोललो. ढुंगण धुणारा नाय तो, राजाच्या हेराला महिनाभर उल्लू बनवणारा हाय. शेख मेला नाय, मारला, आणि ते बघितलेला जगात एकच माणूस हाय, माझा भाऊ. पासपोर्ट, खजूर, वायर, सगळं सांगितलं. रामजीची मान खाली गेली. खरं सांगतो, त्या घटकेला मला महिपतची आठवण पण नव्हती. रामजीची मान तेवढी दिसत होती.

मग अक्षय पुढं आला. भावकीतलाच, पोलादपुरात बॅनर छापायचं दुकान हाय त्याचं. गुणी माणूस, बायकामुलांचा. "काका," बोलला, "महिपतकाका सोमवारी येतायत तर नाक्यावर स्वागताचा बॅनर लावायचा का?" आपल्याकडं वाढदिवसाला लागतो, दहावी पास झालं तरी लागतो. मी बोललो, लाव. शनिवारी सकाळी त्याच्या दुकानात बसून मजकूर मी सांगितला. अक्षयनं नुसतं 'हार्दिक स्वागत' घातलेलं. मी बोललो, हे काय, यात काय कळतंय? लिही: 'राजवाड्यात राहून हेरांना चकवणारे, शेखच्या खुनाचे एकमेव साक्षीदार, आपल्या मातीचे वाघ मा. श्री. महिपतराव यांचे सहर्ष स्वागत.' अक्षयनं विचारलं, "काका, खुनाचे असं लिहायचं का? नको वाटतं." मी बोललो, "तू छापायचं काम कर." फोटो पण मीच निवडला, पांढऱ्या गणवेशातला. खाली माझा, जरा लहान.

बारा बाय आठचा बॅनर दुपारी नाक्यावर चढला. माणसं थांबून थांबून फोटो काढत होती. रामजी पण उभा राहून वाचून गेला. मी तीन फेऱ्या रिकाम्या मारल्या, नुसता बघायला. बॅनरचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअपवर गेला, तिथनं प्रत्येकाच्या स्टेटसवर. आपल्या महाड-पोलादपूरची किती माणसं तिकडं आखातात ड्रायव्हर हायत, हे मला काय नवीन होतं? माझ्याच मिनिडोरनं सोडलीत मी त्यांना गाडीला. पण डोक्यात आलं नाय. खोटं कशाला सांगू. आलं नाय.

सोमवारी मी भाड्याच्या गाडीला झेंडूच्या माळा लावून मुंबईला विमानतळावर गेलो. सारिकाला बोललो चल. ती बोलली, "मी नाय येत भाऊजी." मी चिडलो. नवरा अडीच वर्षांनी येतोय आणि ही नाय येत! माझ्यापुढं तिनं कधी मान वर केली नव्हती, त्या दिवशी पण नाय केली. आत गेली.

विमान आलं. माणसं बाहेर आली. खोकी, ब्लँकेटं, पोरं, सगळी आली. मग विमानातला स्टाफ आला. मग फरशी पुसणारा आला. महिपत नाय आला. येताना पनवेलच्या पुढं मी गाडीच्या माळा तोडून टाकल्या.

एकोणीस दिवसांनी पेटी आली. कागदावर लिहिलेलं, झोपेत हृदय बंद पडलं. थोरल्यांचं जे लिहिलं तेच. डोलीच्या पुढं दोन दोन तास चालणाऱ्या माणसाचं हृदय! पेटी उघडू नये असं पण लिहिलेलं. सारिका बोलली, "तोंड बघितल्याशिवाय मी नेऊ देणार नाय." उघडली. तोंड शांत होतं. तिनं चादर खाली ओढली आणि त्याचे हात बाहेर घेतले. मनगटाभोवती काळी वळं.

रामजी मागनं बोलला, "घड्याळाचा पट्टा असंल."

"दोन्ही हाताला?" तिनं विचारलं.

तेराव्यानंतर गावकी बसली. तिकडच्या आपल्या ड्रायव्हरांकडनं आता वाडीत प्रत्येकाला कळलं होतं की बॅनर तिकडं पोचला. खरं बोलायची शपथ म्हणून देवासमोर नारळ ठेवला, आणि प्रश्न निघाला, बॅनर कुणाचं काम. सगळ्यांनी अक्षयकडं बघितलं. अक्षयनं माझ्याकडं बघितलं. "काका, सांगा की."

मी अध्यक्षाच्या जागेवर बसलेलो. देवळासमोर मी बोललेलं सत्तर-ऐंशी जणांनी ऐकलेलं, आणि त्यातल्या प्रत्येकानं तो फोटो पुढं धाडलेला. कुणालाच ते बोलायचं नव्हतं. मी बोललो, "मजकूर मी बघितला नव्हता." एवढंच. अक्षयनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. वाळीत टाकण्यावर आता कायदा आलाय, म्हणून कागदावर काय नाय झालं. पण दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात कुणी जाईना. त्याची बायको आली की बायका विहिरीवरनं उठायला लागल्या. हे माझ्या एका वाक्यानं झालं.

पाचव्या दिवशी रखमा, माझी मंडळी, धावत आली. "अवो, सारिका अक्षयच्या ओटीवर बसलीय. चहा पितेय, सगळ्यांच्या देखत."

मी गेलो. अध्यक्ष म्हणून गेलो. "सारिका, ऊठ गो. ज्यानं तुझा नवरा घालवला त्याच्या घरचा चहा पितेस?"

तिनं कप खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यात बघितलं. "भाऊजी, मला रविवारी त्यांचा फोन आलेला. कुणाच्या तरी फोनवरनं, दोन मिनिटं. साहेबानं त्यांना बॅनर दाखवला आणि वाचायला लावला. बोलले, मी काहीतरी दुसराच अर्थ सांगितला असता, पण शेजारी महाडकडचा एक ड्रायव्हर उभा केलेला. म्हणून खरं ते वाचलं."

मी जायला वळलो, तरी ती बोलतच राहिली.

"बोलले, मी उद्या आलो तर आलो. नायतर दादाला हे सांगू नको, त्याला सोसायचं नाय. कौतुकानं लावलंय त्यानं. फोटू चांगला निवडलाय बोलले." मग कप बाजूला सारून बोलली, "मला गप्प राहा बोलले, मी गप्प राहिले. विमानतळावर तुम्ही माळा लावून गेलात तरी गप्प राहिले. पण आता या घरातली पोरं माझ्या सेजलशी खेळायला येऊ शकत नायत. आता नाय मला जमत."

मी घरी आलो.

बुद्धरत्न महाडला एका वकिलाकडं कारकून हाय. शिकलेला, शांत. सारिकाचा सरकारकडं जाणारा अर्ज तो लिहीत होता. त्यानं निरोप धाडला की थोरले कसे गेले ते महिपतच्या तोंडनं ऐकलेला एकटा कुशाबा हाय, त्यांचा जबाब लागेल. मी गेलो. वायरीचं सांगितलं, फाटकाचं सांगितलं. त्यानं सगळं टाइप केलं. मग विचारलं, "ही माहिती तुम्ही आणखी कुणाला दिली होती का? हे जबाबात आलं नाही तर महिपतना का मारलं असेल, हे कुणाला समजणार नाही."

मी पाणी मागितलं. पाणी प्यालो. बुद्धरत्न थांबून राहिला, त्यानं घाई केली नाय. मग मी सांगितलं. शुक्रवार, देवळासमोर, मी. शनिवार, मजकूर, मी. त्यानं वाचून दाखवलं, मी सही केली. चांगली, पूर्ण सही.

पुढच्या गावकीत मी उभा राहून तेच सांगितलं. अध्यक्षपद सोडतो बोललो. वाटलेलं, शिव्या देतील. रामजी तरी देईल. रामजीच बोलला, "बस खाली कुशाबा. झालं गेलं. पालखीचं बघू." आणि सगळ्यांनी पालखीचं बघितलं. दांड्याला सागवान का शिवण, यावर तासभर बोलले. मला अजून कुणी अध्यक्षपदावरनं काढलेलं नाय, आणि महिपतला हुतात्मा करून मोकळे झालेत. हुतात्मा केला की तो कुणामुळं गेला ते विचारावं लागत नाय.

अर्जाला अजून उत्तर नाय. सारिका माझ्याशी बोलत नाय. एक निरोप तेवढा रखमाकडनं धाडला तिनं, भाऊजींनी अक्षयच्या घरी जाऊन जेवावं, दिवसा, दार उघडं ठेवून.

गेल्या रविवारी गेलो. सगळी वाडी ओटीओटीवर उभी होती. अक्षयच्या बायकोनं पान वाढलं, भाकरी, वालाचं बिरडं, भात. काय बोलली नाय. आतल्या खोलीत अक्षय होता, त्याच्या पायांचा आवाज येत होता. मी हाक मारली, "अक्षय, ये रे जेवायला." पाय थांबले.

मी सगळं जेवलो. पानात काय टाकलं नाय. बाहेर हात धुतले, पायरीवर घटकाभर बसलो. तो बाहेर आला नाय.